कोरडा कागद

मित्रांनो, मी मुंगूस नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण विरार पूर्वेला, चंदनसारमधल्या आमच्या इमारतीत ही गोष्ट अजून कुणालाच पटलेली नाही. मी फेरेट आहे, मुंगसासारखा दिसणारा, पण परदेशी जातीचा पाळीव प्राणी. लांबुडका, आखूड पायांचा आणि पाच वर्षांचा, म्हणजे आमच्या हिशेबाने चांगलाच जुना. नाव माझं काजू.

जन्म कुठे झाला ते आठवत नाही. दुकानातला एक पिंजरा आठवतो. तिथे येण्याआधीच, अगदी पिल्लू असताना, माझं नसबंदीचं ऑपरेशन झालं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. ऋतिका बारावी पास झाली तेव्हा तिने मला घरी आणलं. तिचे बाबा, रमेशकाका, म्हणाले की या घरात एक तर हे जनावर राहील, नाही तर मी राहीन. शेवटी आम्ही दोघेही राहिलो.

माझी कामं दोन. मोजे पळवून सोफ्याखाली नेणं आणि तोंड दाखवणं. सकाळी मुंगसाचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो, असं लोक मानतात. म्हणून खालच्या मजल्यावरचा अल्पेश दुकान उघडायला जाण्याआधी मला बघून जायचा. शेजारच्या हंसाबेन मुलीला दहावीच्या प्रत्येक पेपरच्या सकाळी घेऊन आल्या. मी मुंगूस नाही हे मला माहीत होतं, पण कौतुक होत असताना कशाला बोला? मुलगी पास झाली आणि मला उकडलेलं अंडं मिळालं. ते मी खाल्लं.

माझा बाल्कनीत एक कोपरा आहे. तिथे वर्तमानपत्र अंथरलेलं असतं आणि मी त्यावर शी-शू करतो. मी आलो त्याच वर्षी काका निवृत्त झाले आणि तेव्हापासून तो कागद सकाळ-संध्याकाळ तेच बदलतात. आयुष्यभर नोकरी केली ती काय याच्यासाठी, असं रोज म्हणतात आणि रोज बदलतात.

मग यंदा होळीच्या सुमारास माझ्या शेपटीचे केस गळायला लागले. आधी टोकाचे, मग सगळ्याच शेपटीचे, मग कमरेवरचे. दोन्ही बाजूंनी अगदी सारखे. खाजही सुटली. मी मागे वळून शेपटी बघायचो आणि ही उंदराची शेपटी आपल्याला कुणी लावली, तेच मला समजायचं नाही.

ऋतिकाच्या आईला, यमुनाकाकूंना, मात्र लगेच समजलं. इतके लोक रोज येऊन तोंड बघतात, दृष्ट लागणार नाही तर काय होणार? त्यांनी मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून टाकल्या. मला फक्त शिंका आल्या. नंतर करंजाचं तेल चोळलं, त्याने मी सोफ्यावरून घसरायला लागलो. ऋतिका म्हणाली, उन्हाळा आहे, केस गळतातच. जवळचे डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे, त्यांनी गजकर्णाचं मलम दिलं. सगळे माझ्या भल्यासाठीच धडपडत होते, पण शेपटी काही ऐकेना.

त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. मित्रांनो, सांगायला लाज वाटते. मला उगाचच राग यायला लागला. अंगाला उग्र वास सुटला. मी उशीची मान धरून तिला घरभर फरफटवायचो. का, ते मलाच ठाऊक नव्हतं. एकदा काकांनी कागद बदलायला हात पुढे केला आणि मी कडकडून चावलो. ज्या हाताने पाच वर्षं माझी घाण उचलली, त्याच हाताला! चावल्यावर मी सोफ्याखाली जाऊन बसलो. माझं मलाच ओळखू येईना.

काका म्हणाले, बस झालं आता. जूचंद्रला त्यांच्या मित्राची वाडी आहे, रविवारी याला तिथे नेऊन सोडू. ऋतिका रडली, पण बाबांच्या हाताला पट्टी होती, तिला फार बोलता येईना. वाडी म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. तिथे सोफा असतो का?

शनिवारी सकाळी काका कागद बदलायला आले. कागद कोरडा होता. काका खूश झाले. "बघ यमुना, जायच्या आदल्या दिवशी शहाणा झाला," असं म्हणून त्यांनी पाच वर्षांत पहिल्यांदाच माझी पाठ थोपटली.

मी पुरता गोंधळलो. मला शू होतच नव्हती. पोट टम्म फुगून दुखत होतं आणि त्याचीच मला शाबासकी मिळत होती. मग कागद कोरडा ठेवणं हेच चांगल्या फेरेटचं लक्षण असतं की काय? मी पुन्हा कोपऱ्यात गेलो, पाठीची कमान करून जोर लावला. एक थेंब आला नाही. पुन्हा गेलो. पुन्हा गेलो. चौथ्या वेळेला मी बारीक आवाजात कण्हलो.

काका वाचत बसले होते. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. गेल्या वर्षी त्यांना स्वतःलाच असा त्रास झाला होता, नळी लावून चार दिवस दवाखान्यात काढले होते. हे ते कुणाला सांगत नाहीत.

"हा शहाणा-बिहाणा झालेला नाही," ते म्हणाले. "याची लघवी तुंबलीय. ऋतिका, ऊठ. मी गेलोय त्यातून."

ऋतिकाने फोन करकरून शोधलं. आगाशीला डॉक्टर स्टेफी म्हणून आहेत, त्या ससे, पक्षी, फेरेट बघतात. काकांनी मला बाजाराच्या पिशवीत घातलं, त्याच पट्टीच्या हाताने पोटाखाली आधार दिला आणि आम्ही रिक्षाने निघालो. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, मुंगूस दिसलं, आज दिवस चांगला जाणार. काका म्हणाले, जाऊ दे बाबा, लवकर चल.

डॉक्टर स्टेफींनी आधी माझी शेपटी बघितली, मग पोट दाबून बघितलं. मला गुंगी देऊन नळी घातली आणि तुंबलेलं सगळं मोकळं केलं. पोटाची सोनोग्राफीही केली. जाग आली तेव्हा त्या समजावत होत्या. मूत्रपिंडाजवळ अॅड्रिनल नावाच्या दोन बारीक ग्रंथी असतात. लहानपणी नसबंदी झालेल्या फेरेटमध्ये, वय वाढलं की त्या पुष्कळदा बिघडतात. माझी डावी सुजली होती आणि नको तो रस रक्तात सोडत होती. केस गळणं, खाज, वास, राग, सगळं तिचंच. तिच्यामुळेच प्रोस्टेट नावाची मूत्राशयाजवळची ग्रंथी फुगून लघवीची वाट दाबली गेली होती.

"काका, आणखी एक दिवस गेला असता तर हा वाचला नसता," त्या म्हणाल्या.

काकांनी विचारलं, "आणि तो चावला, ते?"

"तेही दुखणंच. त्याचा स्वभाव नाही तो."

मित्रांनो, हे ऐकून मला रडूच आलं असतं, पण फेरेटला तसं रडता येत नाही. मला वाटत होतं, मी वाईट झालोय. मी तर नुसता आजारी होतो!

डॉक्टरांनी दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढं औषध बसवलं. ते हळूहळू रक्तात उतरतं. त्याने ग्रंथीची सूज जात नाही, पण नको तो रस थांबतो. वर्षभराने, कधी त्याआधीही, नवा दाणा लागतो. नळी काढेपर्यंत मी तीन दिवस तिथेच राहिलो. रविवार तिथेच गेला. जूचंद्रचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आता शेपटीवर मऊ लव आली आहे. राग कुठे गेला, ठाऊक नाही. आला तेव्हा तरी कुठे ठाऊक होतं? लोक अजून मला मुंगूसच म्हणतात. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याच्या नुसत्या तोंडाकडे बघू नका. शेपटी बघा, कागद बघा. तो अचानक वाईट वागायला लागला, तर त्याला काय होतंय ते आधी विचारा.

घरी परतलो त्या सकाळी मी कोपऱ्यात गेलो. काका कठड्याला टेकून उभे होते. मी कमान केली. कागद ओला झाला.

"यमुना, लवकर ये," काका म्हणाले. तिघेही त्या ओल्या कागदाभोवती उभे राहिले. तेव्हापासून काका रोज उठल्यावर आधी माझा कागद बघतात, आणि मग माझं तोंड.