मेलेला शिपाई उठतो

फसलेले जुने चित्रपट हसण्यासाठी दाखवायचा प्रकार त्या थिएटरने नुकताच सुरू केला होता. या शनिवारी राजेरजवाड्यांचा, तलवारींचा चित्रपट होता. थोरल्याच्या बायकोने तो बघायला धाकट्या दिराला बोलावलं. थोरल्याला वारून वर्ष झालं होतं आणि धाकटा अंत्यविधीलाही आला नव्हता.

तो कुबडी टेकत आला, वहिनीशेजारी बसला आणि थोडा वेळच थांबेन म्हणाला.

दोघे भाऊ या चित्रपटात शिपाई होते. निर्मात्याचा हात आखडता, त्यामुळे तीच माणसं शिरस्त्राण बदलून दोन्ही बाजूंनी मरायची. पुठ्ठ्याचे खांब वाऱ्याने हलायचे. मेल्यावर डोळे उघडायचे नाहीत, हा दिग्दर्शकाचा दंडक. धाकटा तसा पडलेला असताना रथाचं चाक त्याच्या गुडघ्यावरून गेलं. डोळे उघडले, तर थोरला लांब उभा, आणि दिग्दर्शक त्याच्यावर खेकसत होता, मेलेला माणूस उठून पळतो कसा म्हणून. धाकट्याने तेवढं मनात धरलं. भाऊ जीव वाचवायला पळाला, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. चित्रपट त्याने कधी पाहिला नव्हता.

लढाई सुरू झाली. सेनापतीची दाढी एका कानावरून सुटली तेव्हा धाकटाही हसला. मग रथाचा घोडा उधळला. छातीत भाला रुतलेला एक शिपाई तडक उठला, भाल्यासकट धावला आणि घोड्याच्या मानेला लोंबकळला. रथ वळला. खाली मरून पडलेल्या धाकट्याच्या डोक्यावर येणारं चाक गुडघ्यावरून गेलं. घोड्याने थोरल्याला फरफटत लांब नेलं. रथ मोडला, दुसरा नव्हता, म्हणून दृश्य तसंच ठेवलेलं.

थिएटर हसून लोटपोट झालं.

धाकटा वहिनीकडे झुकला. मग म्हणाला, "वहिनी, दादा कधी बोलला नाही."

"बोलायलाच यायचे, भाऊजी. तुम्ही दार उघडत नव्हता."

मागून आरडाओरडा सुरू झाला, मढं पुन्हा उठवा म्हणून. ऑपरेटरने दृश्य मागे नेलं. थोरला पुन्हा उठला, धावला, लोंबकळला. आता लोक त्याच्या प्रत्येक पावलावर टाळ्या वाजवत होते.

दृश्य संपलं. हशा ओसरत आला तसा धाकटा कुबडीवर भार देऊन उभा राहिला. तो निघाला असं वाटून वहिनीने पाय आत घेतले.

"आणखी एकदा लावा," तो ऑपरेटरच्या खिडकीकडे बघत म्हणाला.

लोकांना ते फार आवडलं.