मोफतरावांचे बावीस शिष्य

खोक्यांच्या कारखान्यातल्या घडी विभागाच्या मुकादमांना आईवडिलांनी चांगलं भारदस्त नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकात उरलं होतं. बाकी सगळे त्यांना मोफतराव म्हणत. त्यांना त्याचा राग नव्हता. एखादी पदवी मिळाल्यासारखे ते त्या हाकेला ओ देत.

पुठ्ठ्याला घड्या घालणं हे हातांचं काम. कान दिवसभर रिकामे. त्यामुळे विभागातली बावीस माणसं कानात इअरफोन खुपसून ॲपवर पुस्तकं ऐकायची, आणि तीही चक्क महिन्याची वर्गणी भरून! हे कळलं तेव्हा मोफतरावांचा जीव तीळतीळ तुटला. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत शिकवणीच सुरू केली. ॲपवाले नव्या नंबराला चौदा दिवस फुकट ऐकू देतात. तेराव्या दिवशी रद्द करायचं, दुसरा नंबर टाकायचा. त्यांनी स्वतः सासूबाईंचा नंबर वापरला, शेजाऱ्यांचा वापरला, मुलीच्या वर्गशिक्षिकेलाही सोडलं नाही. वारलेल्या काकांचा नंबर काकूंनी अजून बंद केला नव्हता, तोही कामी आला. काकांनी जिवंतपणी पुस्तकाचं एक पान उलटलं नव्हतं. गेल्यावर सहा कादंबऱ्या संपवल्या.

चौदा दिवसांत जास्तीत जास्त पदरात पडावं म्हणून वेग मात्र दुप्पट ठेवायचा, हा मोफतरावांचा खास मंत्र. बावीसही जणांनी तो मनोभावे पाळला.

सगळ्यांना वेड लावलं ते दीपगृहाच्या राखणदाराच्या मालिकेनं. चाळीस भागांची गोष्ट, दर सोमवारी एक भाग. ती वाचणारा आवाज मोफतरावांच्या मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा होता. "नुसतं वाचायचे पैसे? मग मी पेपर वाचतो त्याचं काय?" असं मोफतराव पूर्वी चारचौघांत म्हणत. पण सतराव्या भागात राखणदाराच्या मुलीला परक्या जहाजावर बापाचा कोट दिसला, आणि ऐकण्याच्या नादात मोफतराव बसनं तीन थांबे पुढे गेले. तेव्हापासून मेहुण्याबद्दल त्यांचं मत सुधारलं. फक्त तो घरी आला की त्यांना काळजी वाटे.

"तुझ्या भावाला बरं नाही का गं? किती हळू बोलतो!"

"तो असाच बोलतो. माणसं अशीच बोलतात," बायको म्हणायची.

एकोणचाळिसाव्या भागाच्या शेवटी मुलीनं दीपगृहाच्या वरच्या खोलीचं दार उघडलं. आत खुर्चीवर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. बस. पुढचा सोमवार आला, त्याच्या पुढचाही आला, चाळिसावा भाग काही आला नाही. आली ती एक सूचना. पुरेशा श्रोत्यांअभावी मालिका बंद करण्यात येत आहे.

मोफतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तिथल्या तिथे ॲपच्या कचेरीत फोन लावला.

"श्रोत्यांअभावी? अहो, माझ्या एका विभागात बावीस जण ऐकतात!"

"वर्गणीदार आहेत का सर?" पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "फुकट मुदतीतलं ऐकणं आम्ही धरत नाही. या मालिकेला वर्गणी भरून ऐकणारे अकरा जण होते."

"अकरा? लोकांना लाज नाही वाटत?"

"तुमचा नंबर सांगता का सर? मी तक्रार नोंदवते."

मोफतरावांनी फोन ठेवला. कोणत्या काकांचा नंबर सांगणार?

रविवारी मेहुणा आला. नेहमीसारखा गप्पा मारत बसला नाही, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. बायकोनं डोळ्यांनी खूण केली तसा म्हणाला, "भावोजी, वाचनाचं काम गेलं. घरभाडं थकलंय. तुमच्याकडे घडीत कुठे जागा असली तर बघा ना."

मोफतरावांनी होकारार्थी मान हलवली. या पोराच्या पोटावर कोणी पाय दिला हे त्यांना लख्ख कळत होतं, आणि ते बोलून दाखवायची त्यांची छाती नव्हती. बायकोनं चहाचा कप त्यांच्यासमोर जरा जोरात ठेवला, एवढंच.

मेहुणा तेविसाव्या टेबलावर बसू लागला. हात बोजड, दिवसाला इतरांच्या निम्मीसुद्धा खोकी होईनात. चौथ्या दिवशी तो शेजारणीला "कात्री देता का?" म्हणाला आणि तिनं कान टवकारले. आवाज तोच, पण चाल बैलगाडीची! मग तिनं त्याला घाईघाईनं बोलायला लावलं आणि सगळा विभाग उठून उभा राहिला.

"खुर्चीवर कोण होतं?" बावीस तोंडांतून एकच प्रश्न आला.

"शेवटचा भाग छापील आहे माझ्याकडे," मेहुणा लाजत म्हणाला. त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला होता. "उद्या सुट्टीत वाचू?"

"वाचा की! फुकटच तर ऐकायचंय!" सगळ्यात जुना कामगार म्हणाला आणि बाकीचे हसले.

मोफतराव हसले नाहीत. हा शब्द त्यांनीच या लोकांच्या तोंडात घातला होता, आणि आज तो ऐकताना त्यांना स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत माणसं डबे उरकून मेहुण्याभोवती दाटीवाटीनं बसली. त्यानं कागद सारखे केले, पाणी प्यायलं. तेवढ्यात मोफतरावांनी एक कोरं खोकं उचललं, सगळ्यांना दिसेल अशी पाकिटातली सर्वांत मोठी नोट त्यात टाकली आणि ते पहिल्या माणसाच्या हातात दिलं.

"वाचणाऱ्यालाही पोट असतं," ते म्हणाले. "ज्याला जमेल तेवढं टाका. मी शिकवलं ते चुकीचं होतं."

कोणी मान डोलावली, कोणी "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हटलं. खोकं हातोहात पुढे सरकू लागलं. प्रत्येक जण त्यात गंभीरपणे हात घालत होता. मोफतरावांना भरून आलं. मेहुण्याकडे बघायचा धीर त्यांना आज पहिल्यांदाच झाला.

बावीस जणांकडून फिरून खोकं परत आलं. मोफतरावांनी आत पाहिलं. ते रिकामं होतं. त्यांची नोटसुद्धा नव्हती.

"हं, करा सुरू," मागून कोणीतरी म्हणालं, "आणि जरा भरभर वाचा."