पोचपावतीची वाट

रेवणप्पा कोरे यांना उभ्या आयुष्यात कोणी फसवू शकलं नव्हतं. तसा कोणी प्रयत्नही केला नव्हता, पण त्याचं श्रेय रेवणप्पा स्वतःकडेच घेत.

"ह्याच्यावर जावक क्रमांक कुठाय?" मुलीचा मोबाईल हातभर लांब धरून त्यांनी विचारलं.

"अप्पा, ईमेलला जावक क्रमांक नसतोय," भुवनेश्वरी म्हणाली.

"तारीख?"

"ती काय वर."

"ती यंत्रानं टाकलेली. माणसानं कुठं टाकलीय?" त्यांनी मजकूर पुन्हा खालून वर वाचला. "आन् आज रविवार. कोणतं सरकारी हापीस रविवारी पत्र काढतंय, सांग मला."

भुवनेश्वरी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती, विषय रसायनशास्त्र. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या खऱ्या प्रयोगशाळेत काम शिकायला मिळावं म्हणून तिनं जानेवारीपासून एकेचाळीस प्राध्यापकांना ईमेल पाठवले होते. प्रत्येकाचा एकेक शोधनिबंध शब्दकोश शेजारी ठेवून वाचायचा, त्यातलं जे समजलं ते दोन ओळींत लिहायचं आणि मग विनंती करायची, असा तिचा शिरस्ता. दोघांनी नाही म्हणून कळवलं. अडतीस जणांनी उत्तरच दिलं नाही. या अडतीस संस्था मात्र अस्सल असाव्यात, असं रेवणप्पांचं मत होतं.

उरलेली एक पुण्याची. तिथल्या बाई भूजलातल्या फ्लोराईडवर काम करत. त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं ते इतकंच: ठीक आहे. पंधरा मेला या. दोन महिने. राहण्याची सोय आहे. वसतिगृहासाठी पालकांची सही लागेल, फॉर्म जोडला आहे. शुक्रवारी पाचपर्यंत पाठवा. आणि तळाशी, मोबाईलवरून पाठवले.

"मायना न्हाय, संदर्भ न्हाय, शिक्का न्हाय," रेवणप्पा म्हणाले. "वर राहायला फुकट. का बरं? आपण कोण लागतो त्येंचे?"

"अवं, पोरीनं येवढं लिव्हलंय म्हणून बोलावलं आसंल," भुवनेश्वरीची आई, म्हणजे तिची अव्वा, गिरिजाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

"तू गप. परवाचं ते दुसरं पत्र बघ." त्यांनी घडी घातलेला एक कागद काढला. कुठल्याशा राष्ट्रीय युवा विज्ञान प्रशिक्षण महामंडळानं भुवनेश्वरीची निवड केल्याचं त्यात लिहिलं होतं. भोवती सोनेरी चौकट, वर सिंहासारखे दिसणारे तीन प्राणी, चार तिरप्या रेघांचा संदर्भ क्रमांक आणि जांभळा गोल शिक्का.

"अप्पा, ते खोटंय. घरबसल्या प्रमाणपत्र देतेत ते. वर फी मागायलेत."

"खोटंच हाय. मला कळत न्हाय व्हय?" रेवणप्पांनी कागद कौतुकानं न्याहाळला. "पण खोट्यांना बी येवढं जमतंय. मग खऱ्यांना काय झालं?"

भुवनेश्वरीनं सरळ बाईंना फोन लावला आणि वडिलांच्या कानाला दिला. पलीकडून बाई म्हणाल्या, हो, ईमेल मीच पाठवलाय, तुमच्या मुलीनं निबंधातल्या एका तक्त्याबद्दल विचारलेली शंका बरोबर होती, तिला जरूर पाठवा. रेवणप्पांनी "बरं, बरं, नमस्कार," म्हणून फोन परत दिला.

"झालं?" भुवनेश्वरीनं विचारलं.

"आवाज तर चांगला हाय."

"मग?"

"फसवणाऱ्याचा वाईट आसून कसं चालंल?"

रेवणप्पा एका सरकारी कार्यालयात आवक लिपिक होते. सव्वीस वर्षांपूर्वी अणदूरहून धाराशिवला आले तेव्हापासून त्याच खुर्चीवर. आलेलं टपाल फोडायचं, शिक्का मारायचा, नोंदवहीत ओळ घालायची आणि कागद ज्याच्या त्याच्या टेबलावर पाठवायचा. सव्वीस वर्षांत त्यांनी तीन बनावट पत्रं पकडली होती. त्यांतलं एक पुढे खरं निघालं, पण ते त्यांनी मोजणीतून काढलं नव्हतं. पूर्वी कोणीतरी त्यांच्या गैरहजेरीत एक पाकीट फोडलं आणि तारखेवरून वाद झाला. तेव्हापासून त्यांच्या टपालाच्या ट्रेवर पुठ्ठा चिकटवलेला होता: 'आवक लिपिकाखेरीज कोणीही हात लावू नये.' साहेबसुद्धा लावत नसत.

सोमवारी त्यांनी संस्थेच्या संचालकांना पत्र लिहिलं. विषय: आपल्या संस्थेच्या नावे प्राप्त ईमेलच्या सत्यतेबाबत. उत्तराचा पत्ता कार्यालयाचा दिला. घरी पोस्टमन फाटकावरून पाकीट टाकतो आणि त्याला पुरावा राहत नाही. पत्र स्पीड पोस्टानं गेलं, पोचपावती मागवून.

"रेवणप्पा, माझी पोरगी श्रावस्ती गेल्या साली अशीच हैदराबादला गेली की," शेजारच्या टेबलावरचे राजपाल म्हणाले. ते जावक लिपिक. "दोन ओळींचा ईमेल आलता. तिथं सगळं तसंच चालतंय."

"तुम्ही जावकवाले. तुमचं काय, पाठवलं की सुटलात. आत काय येतंय ते आमाला बघावं लागतंय."

मंगळवार गेला. बुधवारी भुवनेश्वरीनं बाईंना कळवलं की वडील खात्री करून घेत आहेत. बाईंचं उत्तर आलं: कशाची? तिनं ते अप्पांना दाखवलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी तिनं पांढरा अ‍ॅप्रन धुऊन, इस्त्री करून दाराच्या खिळ्याला अडकवला. फॉर्म छापून आणला होता, तो वडिलांच्या पुढ्यात ठेवला.

"अप्पा, एक विचारू? ह्यात माझं काय जाणार हाय? खोटं निघालं तर स्टेशनावरूनच माघारी येईन. अव्वाला सोबत घेऊन जाते वाटलं तर."

"आन् सही? सही माझी हाय त्याच्यावर."

"तुमच्या सहीचं काय करणारेत ते?"

रेवणप्पांनी बराच विचार केला. त्यांच्या सहीचं कोणी काही करू शकेल असं त्यांनाही काही आठवेना. उलट त्यामुळेच संशय वाढला.

"उद्या पोचपावती येईल," ते म्हणाले. "तिच्यावर संस्थेचा शिक्का आसला की करतो सही. जागेवर करतो. मग तर झालं?"

"पाचच्या आत?"

"पाचच्या आत."

भुवनेश्वरी पहिल्यांदाच हसली. "मग मी फोन हातात धरूनच बसते. फोटो काढून पाठवा फक्त."

शुक्रवारी रेवणप्पांनी फॉर्म चौघडी करून खिशात ठेवला, पेनाची शाई कागदावर ओढून तपासली आणि साडेअकराला अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पोस्टमन दुपारी कधी येईल याचा भरवसा नाही, त्यापेक्षा आपणच पोस्टात जाऊन पोचपावती हातात घ्यावी, असा त्यांचा हिशेब.

"टपाल आलं तर ट्रेमधी ठेवा," ते राजपालना म्हणाले. "हात लावू नका."

"आजवर कधी लावलाय का?" राजपाल म्हणाले.

मोठ्या पोस्टात खिडकीवरच्या माणसानं संगणकात बघून सांगितलं, "काका, तुमचं पत्र बुधवारीच पोचलंय."

"कोणी घेतलं?"

"ते हितं दिसत न्हाय."

"मग पोचलं कशावरून?"

खिडकीवरच्या माणसानं बाकड्याकडे बोट दाखवलं. "पावती दुपारच्या थैलीत आली तर येईल. बसा तिकडं."

रेवणप्पा बाकड्यावर बसले. दुपारची थैली आली, तिच्यात पावती नव्हती. एक थैली अजून यायची होती. भुवनेश्वरीचा फोन चार वाजता आला, मग साडेचारला, मग पावणेपाचला. पावणेपाचला त्यांनी फॉर्म काढून मांडीवर पसरला आणि पेनाचं टोपणही काढलं. पाचला पाच मिनिटं असताना दुसरी थैली आली. त्यांनी पेन तसंच धरून विचारलं. पावती नव्हती. त्यांनी टोपण लावलं.

घरी पोचले तेव्हा खिळ्यावर अ‍ॅप्रन नव्हता. भुवनेश्वरी पुस्तकाला खाकी कव्हर घालत बसली होती.

"आली का पावती?"

"न्हाय."

"बरं," ती म्हणाली आणि कव्हराची कड दुमडली. थोड्या वेळानं म्हणाली, "सव्वापाचला बाईंचा मेल आलाय. जागा दुसरीला दिली म्हणे. पुढच्या वर्षी बघा म्हणल्यात."

"बघ," रेवणप्पा म्हणाले. "सव्वापाचला लगीच दुसरी. म्हणजे किती घाई होती त्येंना."

गिरिजाबाईंनी ताट वाढलं.

शनिवार-रविवार कार्यालय बंद. सोमवारी दहाला रेवणप्पा खुर्चीवर बसले आणि ट्रे पुढे ओढला. शुक्रवारची पाकिटं होती तशीच होती. सर्वांत वर त्यांच्या नावाचं, पुण्याहून आलेलं.

"शुक्रवारी तुम्ही भाहेर पडलात आन् दहा मिनिटांत पोस्टमन आला बघा," राजपाल मान वर न करता म्हणाले. "मीच ठेवलं ट्रेमधी."

पत्राला जावक क्रमांक होता. तारीख हातानं घातलेली, बुधवारची. संदर्भात त्यांच्या पत्राचा दिनांक. खाली संचालकांची स्वच्छ सही आणि गोल शिक्का. पत्र मराठीत होतं. ईमेल आमचाच आहे, आपल्या मुलीची निवड गुणवत्तेवर झाली आहे, पालक म्हणून आपण दाखवलेली दक्षता योग्यच आहे, मात्र संमतिपत्र शुक्रवारी पाचपर्यंत मिळावे. रेवणप्पांनी ते दोनदा वाचलं. उजेडात धरून बघितलं. चूक काढायला जागा नव्हती.

त्यांनी घरी फोन लावला. भुवनेश्वरीनं उचलला.

"काय अप्पा?"

"काय न्हाय," ते म्हणाले. "जेवलीस का?"

"अजून दहाच वाजलेत."

"बरं बरं. जेव."

फोन ठेवून त्यांनी तारखेचा शिक्का हातात घेतला. अंगठा चाकावर गेला. तीन दात मागे फिरवले की शुक्रवार येतो. आजवर किती जणांनी त्यासाठी त्यांच्या टेबलापाशी घुटमळून पाहिलं होतं. रेवणप्पांनी अंगठा काढला, शिक्का शाईच्या गादीवर दाबला आणि पत्रावर मारला. सोमवार.

मग नोंदवही उघडली, ओळ घातली. शेवटचा रकाना विलंबाच्या कारणाचा. त्यात त्यांनी नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं: आवक लिपिक जागेवर नव्हते.