वहिनीचा होकार

पुस्तक छापायचं की नाही, याचं संपादकबाईंना संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं, आणि आमची गोलनाझ सकाळपासून स्वयंपाकघर ते अंगण, अंगण ते स्वयंपाकघर अशा येरझारा घालत होती.

"बस की गं. त्या फरशीची तरी दया येऊ दे," मी म्हटलं.

"आत्या, मामान खरंच हो म्हणाली, की तारुफ केला?" मामान म्हणजे तिची आई, माझी वहिनी.

तारुफ ही आम्हा इराण्यांची रीत. पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा चहा घ्यायचा. यजमानानं 'घर तुमचंच' म्हणायचं, आणि कुणी ते खरं धरलं तर त्याला येडा समजायचं. लॉस एंजेलिसमध्ये केस पिकले, तरी ही खोड गेली नाही.

गोलनाझच्या पहिल्या दोन कादंबऱ्या इथल्या इराणी शाळकरी पोरींच्या. त्यात आम्ही सगळेच होतो, माझं नाकसुद्धा. कुणाला विचारलं नव्हतं तिनं. तिसरी मात्र वहिनीच्या धाकट्या भावाची. सियामक युद्धावर जायचं नाही म्हणून सतराव्या वर्षी डोंगर ओलांडून तुर्कस्तानाकडे निघाला, तो बर्फातच राहिला. वहिनी त्याचं नाव काढत नसे. मजलिशीत, म्हणजे बायकांच्या शोकसभेत, करबलेची कथा गाणाऱ्या ताजी खानुम म्हणायच्या, "आपापल्या गेलेल्यांना हाका मारा." बायका हुंदके देत, आणि वहिनी चहाचे पेले आवरायला उठे.

हस्तलिखित तिला देऊन झालं होतं. "छाप हो राणी, तुझ्यावरून ओवाळून टाकते स्वतःला," एवढंच ती म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

"तिला दुखवून नाही छापणार मी," गोलनाझ कुजबुजली.

"गोड बोलतेय तोवर तिचा होकार खरा धरू नकोस. चिडव तिला."

वहिनी संध्याकाळच्या मजलिशीसाठी शोलेजर्द, म्हणजे केशर घातलेली तांदळाची खीर, ढवळत होती. मला तर सकाळपासून ताजी खानुमच्या सुरांचे वेध लागले होते. तो आवाज लागला की माझ्यासारख्या पापिणीचंही मन स्वच्छ होतं.

गोलनाझ पातेल्यापाशी गेली. "मामान, मी पुस्तक मागे घेते."

"जशी तुझी मर्जी, राणी."

कालथा फिरत राहिला. मग थांबला.

"पण ते वांगं कुठून आणलंस?"

"कुठलं वांगं?"

"डोंगर चढताना त्याला आईच्या हातचं वांगं आठवतं म्हणे! अगं, वांगं बघून मळमळायचं त्याला! आणि रडतो काय पानोपानी? भीती वाटली की शीळ घालायचा तो. इंग्रजी शब्दकोश घेऊन डोळे फोडले मी, आणि तू माझ्या भावाला वांगं भरवतेस!"

गोलनाझ आणखी जवळ सरकली. "मग काय आवडायचं त्याला?"

"हेच शोलेजर्द. गरमागरम, जीभ पोळेपर्यंत."

"आणि शीळ कशी घालायचा?"

काळ्या कपड्यांतल्या माझ्या वहिनीनं, ऐन अरबईनच्या, म्हणजे करबलेच्या शोकाच्या चाळिसाव्या दिवशी, ओठांचा चंबू केला आणि एक बेसूर शीळ घातली. देवा, माफ कर, पण मला ती गोड लागली.

गोलनाझ फोनकडे धावली. "हो, पुस्तक येतंय. पण थोडे दिवस द्या. वांगं काढायचंय."

संध्याकाळी ताजी खानुमनी हाका मारायला सांगितलं. गोलनाझ दारात उभी, या पायावरून त्या पायावर. पेले तसेच पडून होते.

"सियामक," वहिनी म्हणाली.