आधी रूपाचं

रूपाची सरकारी भरतीची परीक्षा आधी आणि दिपमालाचं बी.एड. नंतर, हे दोघी जावांनी आपसांतच ठरवलं होतं. पिंपळनेरजवळच्या त्यांच्या घरात शेती, गाई, सासू भिकुबाई, दोघींचे नवरे आणि रूपाची लहान मुलगी एवढा पसारा होता. दिपमालाचा मुलगा वसतिगृहात राहून शिकत होता. दोघींनी एकाच वेळी पुस्तकं उघडली असती तर चूल पेटली नसती. थोरली दिपमाला म्हणाली, भरतीची जाहिरात पुन्हा कधी निघेल याचा भरवसा नाही, कॉलेजचे प्रवेश मात्र दरवर्षी होतात. जे थांबणार नाही ते आधी उरकू. रूपाने तिचा हात धरून शब्द दिला होता, "ताई, तुमची वेळ आली की घर माझं."

दिपमालाने मग घरातली कामं चाळून काढली. शेतावरची भाकरी सकाळच्या स्वयंपाकातच व्हायला लागली. रोजचं धुणं एक दिवसाआड आलं. त्या उन्हाळ्यात कुरडया घरी केल्याच नाहीत, विकत आणल्या. भिकुबाई त्यावरून बरेच दिवस धुसफुसत राहिल्या. लांबच्या नात्यातल्या लग्नांना पुरुषांनीच जायचं ठरलं. असा सुटलेला सगळा वेळ रूपाच्या पदरात पडला. तो कसा वापरायचा तेही दिपमालाच बघायची. रूपाला गणित जड जायचं, म्हणून डोकं ताजं असताना सकाळी गणित. येतं तेच पुन्हा वाचत बसली की दिपमाला पुस्तक काढून घ्यायची. रूपाची मुलगी दिवसभर दिपमालाच्या कडेवर असायची.

रूपा पास झाली. तिला धुळ्याला लिपिकाची नोकरी लागली आणि तिने तिथल्याच देवपूर भागात खोली घेतली. तिचा नवरा किरण शेतीमुळे गावीच राहिला. थोडी स्थिरावले की मुलीला घेऊन जाते, असं रूपा म्हणाली. रूपाने देवपूरला खोली घेतल्याचा दिपमालाला आनंदच झाला. देवपूरच्याच कॉलेजात तिला शिकायचं होतं. ती रूपाच्या खोलीवर राहिली असती, आणि घरकामाला बाई लावायची, तिचा पगार रूपा देणार, असं बोलणं झालं होतं.

रात्री भांडी आवरल्यावर अभ्यास करून दिपमालाने प्रवेशपरीक्षा दिली. नंबर लागला. प्रवेश पक्का करायची वेळ आली तेव्हा शेतात कांद्याची लागवड चालू होती, मजूर बायांमागे उभं राहायला दुसरं कोणी नव्हतं. सुट्टीला आलेली रूपा म्हणाली, कॉलेज माझ्या खोलीपासून जवळ आहे, कागद माझ्याकडे द्या, मी करून टाकते. दिपमालाने कागद आणि फी तिच्या हाती दिली. फोनवर विचारलं की रूपा म्हणायची, काम चालू आहे.

कॉलेज सुरू व्हायच्या आठवड्यात दिपमालाने साड्या काढून ठेवल्या आणि गाईंचं दूध कोण काढणार ते ठरवायला ती भिकुबाईंजवळ बसली. त्या चकित झाल्या. म्हणाल्या, "तुलेच जानं नही शे ना कॉलेजले? रूपानी सांगं माले."

दिपमालाला आधी काही उमगलंच नाही. तिने नवऱ्याला, प्रेमराजला गाठलं. त्यालाही ते माहीत होतं. किरणने सांगितलं होतं की वहिनींचा विचार बदलला, त्यांना आता या वयात नको वाटतंय. त्याला ते खरं वाटलं होतं. बायकोला एकदा विचारावं असं काही त्याच्या मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बसने देवपूरला गेली. दार उघडून रूपाने दिपमालाचा चेहरा बघितला आणि सरळ कपाट उघडलं. कागद कपाटात होते, फीही तशीच होती. रूपा बराच वेळ सांगत राहिली: ऑफिसात मान वर करायला मिळत नाही, मुलीला इथे कोण बघणार, आणि तिला तर ताईंचाच लळा.

"हे मला विचारायचं होतंस," दिपमाला म्हणाली.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणून विचारलं नाहीस?"

"हो," रूपा म्हणाली.

दिपमाला तिथून कॉलेजात गेली. तिची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली होती. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. आपण जिला स्वतःच्या दिवसातले तास काढून दिले, तिने आपलं अख्खं वर्ष न विचारता घेतलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. पिंपळनेर येईपर्यंत ती रडली नाही. घरी आल्यावर मुलगी पळत येऊन बिलगली, तेव्हा मात्र रडली.

दिवाळीनंतर मुलीला तिच्या आईकडे पाठवायचं, हे तिने सगळ्यांसमोर सांगितलं. भिकुबाई रागावल्या, किरण बोलेनासा झाला. मुलीची बॅग मात्र प्रेमराजनेच बसमध्ये चढवली. ती गेल्यावर घर सुनं झालं आणि दिपमालाला कितीतरी दिवस जेवण गोड लागलं नाही. तरी तिने निर्णय बदलला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली, आणि प्रवेश घ्यायला स्वतः गेली.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी रूपा मुलीला घेऊन देवपूरच्या बसथांब्यावर उभी होती. हातात डबा होता. खोलीवर चला, असं तिने खालच्या मानेने म्हटलं. दिपमालाने मुलीला उचलून घेतलं, तिचे गाल कुरवाळले, डबाही घेतला. मग मुलीला रूपाकडे देऊन ती कॉलेजच्या वसतिगृहाचा रस्ता विचारत निघाली.