वासिलचे टायर

"मावशी, हे टायर मी चढवणार नाही," ऑस्टॅप म्हणाला आणि त्यानं उचललेलं चाक परत जमिनीवर आडवं केलं.

शेजारच्या गाडीचे नट आवळत असलेल्या लेनर्डचा पाना जागीच थांबला. इतका वेळ ती दोघं युक्रेनियनमध्ये खिदळत होती, तेव्हा त्याला ओ की ठो कळत नव्हतं. हे एवढंच वाक्य ऑस्टॅपनं इंग्रजीत टाकलं होतं. म्हणजे मला ऐकवायला, असं लेनर्डनं लगेच धरलं. मन जळत असलं की असे अर्थ फार पटकन लागतात.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडणार होता. उन्हाळी टायर काढून हिवाळी चढवायचेत याची अख्ख्या गावाला एकाच दिवशी आठवण होते, कॅनडातल्या सस्कॅचेवानात हे दरवर्षीचंच. डॅरिलच्या गॅरेजबाहेरची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. पण व्हेरा बोयचुकला कधी रांग नसे. तिचा नवरा वासिल गेल्यापासून तिची गाडी लेनर्ड स्वतः घ्यायचा, आणि ती घरून भाजून आणलेला खसखशीचा रोल लेनर्डच्याच हातात द्यायची. विधुर माणूस तो, तेवढ्यावर त्याचा हिवाळा निघायचा. रविवारी चर्चच्या हॉलमध्ये भाजलेल्या टर्कीचं गावजेवण होतं. आपण बरोबर जायचं का, असं यंदा तिला विचारायचं त्यानं ठरवलं होतं. त्यासाठी दाढीसुद्धा नीट केली होती.

आणि ही बया गाडीतून उतरली ती थेट ऑस्टॅपकडे गेली.

ऑस्टॅप युद्धातून बायकापोरं घेऊन इथे आलेला. व्हेराला आईची भाषा बोलायला हक्काचं माणूस मिळालं. लेनर्डचे आजोबाही त्याच मुलखातले, पण लेनर्डपर्यंत येईतो त्या भाषेतली चार पक्वान्नांची नावं तेवढी उरली होती. ऑस्टॅप तिला मावशी म्हणायचा, वयानं तिच्या मुलासारखा होता. जळायचं खरं तर काही कारणच नव्हतं. पण जळणाऱ्याला कारण कुठे लागतं? रोलचं पुडकं ऑस्टॅपच्या टेबलावर पडलेलं होतं आणि लेनर्डला येता-जाता तेच दिसत होतं.

"का रे बाबा, का नाही चढवणार?" व्हेरानं विचारलं.

"रबर मेलंय, मावशी. टायर कुठल्या साली बनला त्याचा आकडा इथे कडेला असतो, बघा. फार जुने झालेत. खाचांत चिरा पडल्यात. थंडीत हे लाकडासारखे कडक होणार. ब्रेक दाबलात की गाडी चालली घसरत."

खरं होतं ते. लेनर्डला ते ऑस्टॅपच्या कितीतरी आधी कळलं होतं. टायरमध्ये नख रुतेना, तेव्हाच त्यानं ओळखलं होतं. पण वासिलनं हौसेनं घेतलेले टायर टाकून दे, हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून तो गेले काही हिवाळे मूग गिळून बसला होता. आजही बसता तर बरं झालं असतं. पण तो हात पुसत उठला.

"काय झालं, व्हेरा?"

"हा म्हणतोय टायर गेले."

"गेले? कुठे गेले?" लेनर्डनं खिशातलं नाणं काढून खाचेत उभं खुपसलं. "हे बघ, केवढं आत गेलं. नक्षी झिजलीच नाहीये. चर्च आणि दुकान सोडलं तर तू गाडी नेतेस कुठे? नव्या माणसाला नवं विकायची घाई असते, दुसरं काय."

ऑस्टॅपचा चेहरा उतरला. "काका, मी नक्षीचं बोलतच नाहीये. तुम्हालाही माहीत आहे ते."

"मला काय माहीत आहे ते तू नको सांगूस. तू शाळेत जात होतास तेव्हापासून मी टायर बदलतोय."

व्हेरानं आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. तिनं आत्ता त्या पोराचं ऐकलं असतं, तर लेनर्ड तिथून तडक घरीच गेला असता.

"लेनर्ड ठीक म्हणतोय ना? मग ठीकच असतील," ती म्हणाली. "तूच चढव, लेनर्ड."

जिंकला गडी. त्यानं चारही चाकं शीळ घालत चढवली, ऑस्टॅपला नीट दिसेल अशी. जाताना व्हेरानं काच खाली केली.

"तो रोल दोघांचा आहे, बरं का. मोठा तुकडा तुझा. आणि रविवारी जेवायला माझ्याच टेबलावर बस. उद्या सकाळी यॉर्कटनला चाललेय, बहिणीला हॉस्पिटलातून घरी आणायचंय. तू टायर पाहिलेस, आता मला घोर नाही."

यॉर्कटन म्हणजे सगळा हायवेचा रस्ता, आणि वर बर्फ. लेनर्डनं हात हलवला. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो हलवतच राहिला.

दुपारी ऑस्टॅपनं रोल कापला आणि मोठा तुकडा मुकाट्यानं त्याच्यापुढे ठेवला. त्यानं डॅरिलकडे चुगली केली असती, चार शब्द सुनावले असते, तर लेनर्डला भांडता तरी आलं असतं. लेनर्डचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची पिकअप व्हेराच्या अंगणात शिरली, तेव्हा ती कोट घालून गाडीवरचा बर्फ झाडत होती.

"अरे, तू इकडे कुठे?"

"जाऊ नकोस. या टायरांवर नको."

"का? काल तर ठीक होते."

"कालही नव्हते. रबर म्हातारं झालंय. मला आधीपासून ठाऊक आहे."

ब्रश हातात तसाच धरून ती उभी राहिली. "मग काल का नाही बोललास?"

लेनर्डनं खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण सुचलं ते खरंच होतं. "काल तो बोलला होता, म्हणून."

"आणि त्याआधी?"

"वासिलचे टायर. तुझा जीव असेल त्यांच्यावर, असं वाटायचं."

"टायरांवर?" व्हेरानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो नजर चुकवून चाकांकडे बघू लागला. "लेनर्ड, वासिलनं कुठले घेतले होते हेसुद्धा मला आठवत नाही रे. तू दरवर्षी ठीक म्हणायचास, म्हणून मी घालत होते."

मेलेल्या माणसाचाही आपण इतकी वर्षं मत्सर करत होतो, हे लेनर्डला तिथे बर्फात उभं असताना समजलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण व्हेरानं ब्रश पायरीवर ठेवला.

"फोन कर. ऑस्टॅपला बोलाव."

ऑस्टॅप नवे टायर रिमवर चढवूनच गॅरेजच्या गाडीतून घेऊन आला. "तू सरक, मी करतो," म्हणत लेनर्ड बर्फात गुडघे टेकून बसला. जुनी चाकं उतरवली, नवी बसवली. समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळत गेला, टॉर्कचा पाना पुरेसं आवळल्याची खूण म्हणून कटकन वाजेपर्यंत. बोटं बधिर झाली, पण त्यानं घाई केली नाही.

"झालं," तो उठत म्हणाला.

व्हेरा किल्ली घेऊन पायऱ्या उतरली, पण गाडीपाशी गेली नाही. तिनं ऑस्टॅपला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. लेनर्डला शब्द कळले नाहीत, पण विचारताना ती चाकांकडे बघत होती.

ऑस्टॅप अवघडला. "मावशी, काकांनी आवळलेत की," तो इंग्रजीत म्हणाला.

ती जागची हलली नाही.

लेनर्डनं पाना फिरवला आणि त्याचा दांडा ऑस्टॅपपुढे केला. "तू बघ एकदा. लांब जायचंय तिला."

ऑस्टॅप एकेका चाकापाशी बसत गेला. पाना लावला की कटकन वाजायचं, एकही नट तसूभर हलला नाही. लेनर्ड दोन्ही हात बगलेत घालून बाजूला उभा होता, गिऱ्हाईक उभं राहतं तसा. ऑस्टॅपनं उठून मान डोलावली, तेव्हा व्हेरा गाडीत बसली.