जतन न झालेल्या आठ ओळी

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. शाळेच्या संगणकखोलीत, खिडकीजवळच्या संगणकात माझी तबकडी नऊ वर्षं फिरते आहे. स्वभावाने मी भित्री. कुणी टेबलाला धक्का दिला तरी माझ्या काळजात धस्स होतं, कारण तबकडीवर ओरखडा उठला की लिहिलेलं गेलंच म्हणायचं. पूर्वी मुलं माझं कौतुक करायची. आता "किती रखडते ही!" म्हणतात.

शेजारी रॉम राहते. संगणक जागा कसा करायचा, एवढा धडा ती कारखान्यातून शिकून आली. तो ती विसरत नाही आणि सहसा नवीन काही शिकतही नाही. दुसरी शेजारीण रॅम फार चपळ. तुम्ही टाइप करता ते आधी तिच्याकडे जातं. पण वीज गेली की तिची पाटी कोरी. जतन करण्याचं बटण दाबलं, तरच ते माझ्याकडे येतं आणि वीज गेल्यावरही राहतं.

हे शिकवायला संगणकाच्या बाई दर वर्षी एक प्रयोग करतात. निम्मी मुलं लिहिलेलं जतन करतात, निम्मी करत नाहीत, आणि बाई भिंतीवरचं मुख्य बटण बंद करतात. मी जीव मुठीत धरून बसते.

यंदा त्या तासाआधीच्या सुट्टीत सफाईच्या मावशी माझ्यासमोर बसल्या. त्यांच्या आईला हल्ली काही आठवत नाही. आईने पाचही लेकरांसाठी वेगवेगळी अंगाई रचली होती. धाकट्या चौघांच्या मावशींना पाठ होत्या, कारण पाळणा त्यांनीच हलवला होता. स्वतःची तेवढी ठाऊक नव्हती. आदल्या दिवशी आई अचानक ती म्हणाली. आठ ओळी! मावशींनी त्या औषधाच्या खोक्यावर खरडल्या होत्या, त्या एका बोटाने टाइप केल्या आणि पडद्याचं बटण बंद केलं. वही मिटली की लिहिलेलं आत राहतं, तसंच हे, असं त्यांना वाटलं.

"आता अंगाई राहिली कायमची," म्हणत त्यांनी खोकं कचऱ्यात टाकलं आणि मागच्या अंगणात कचरा पेटवायला गेल्या.

अहो, माझ्याकडे काहीच आलेलं नाही! पण मला आवाज कुठला? तास सुरू झाला. बाईंना हा संगणक बंदच वाटला. त्यांनी मुख्य बटण बंद केलं.

तास संपल्यावर मावशी आल्या. "बाई, माझी अंगाई दाखवू का तुम्हाला? याच्यातच आहे."

बाईंनी पुन्हा पुन्हा शोधलं. मग त्या मावशींकडे वळल्या. "मावशी, मी आधी विचारायला हवं होतं हो."

मावशींनी खुर्ची पुढे ओढली. "दोन ओळी आठवतात. घ्या लिहून. बाकीच्या आईला विचारते."

बाईंनी दोन ओळी जतन केल्या, पेन ड्राइव्हवर प्रत काढली, कागदावरही उतरवल्या. आईला मात्र पुढचं आठवलं नाही. आता तर ती मावशींनाच विचारते, "तुम्ही कोण?"

मित्रांनो, माझी खरखर वाढली आहे. मी फार दिवस टिकेन असं वाटत नाही. म्हणून सांगते, पडद्यावर दिसतंय म्हणजे जपलंय, असं समजू नका. वेळेवर जतन करा आणि दुसरी प्रत काढा.

मावशी रोज सुट्टीत येतात, ती फाइल उघडतात. दोन ओळी, खाली सहा ओळींची मोकळी जागा. थोडा वेळ बघतात आणि न चुकता जतन करतात. मी ती मोकळी जागाही जपून ठेवते.